कॉलेजात रग्बी खेळायला लागताना

महाराष्ट्रात बहुतेकांच्या हातात रग्बीचा चेंडू पहिल्यांदा येतो तो कॉलेजात. तोवर कुणी शाळेत कबड्डी खेळलेलं असतं, कुणी फुटबॉल, कुणी गावच्या तालमीत दोन-चार वर्षं मेहनत केलेली असते. त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी सुरुवात केली म्हणून मागे पडलो, असं इथे होत नाही. शेजारी उभा असलेलाही नवाच असतो. मात्र पहिल्या सहा आठवड्यांत जे अंगवळणी पडतं ते पुढे मोडता मोडत नाही, चांगलंही आणि चुकीचंही. म्हणून इथे डावपेचांबद्दल फारसं नाही. पडायचं कसं, टॅकल कसा करायचा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडायचं कसं, पडलेल्या सोबत्यापाशी कसं पोचायचं आणि टीम आठवडाभर कशी चालवायची, यावरच भर आहे.

टीम शोधताना

जून-जुलैत प्रवेश झाले की जिमखान्यात जाऊन शारीरिक शिक्षण संचालकांना सरळ विचारा: रग्बीची टीम आहे का, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला आपली प्रवेशिका जाते का, सराव कुठे आणि कोण घेतं. ओळखपत्र, बोनाफाईड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि फोटो यांच्या प्रती एका पाकिटात तयार ठेवा. एलिजिबिलिटी फॉर्मची तारीख उलटली म्हणून घरी बसावं लागलेले चांगले खेळाडू दरवर्षी दिसतात.

कॉलेज पातळीवर बहुतेक ठिकाणी सात जणांचं रग्बी खेळतात. मैदान पंधरा जणांच्या मूळ खेळाचंच, म्हणजे दोन्ही ट्रायरेषांमध्ये (समोरच्यांच्या ज्या रेषेवर किंवा पलीकडे चेंडू टेकवला की ‘ट्राय’ होतो) १०० मीटरपर्यंत लांब आणि ७० मीटरपर्यंत रुंद, पण सामना ७-७ मिनिटांच्या दोन डावांचा. ऐकायला थोडा वाटतो. पहिल्या सामन्यात चौथ्या मिनिटाला पाय जड होतात तेव्हा कळतं. मैदानावर ७ आणि बदली ५, म्हणजे १२ जण लागतात. १२ जण खात्रीने उभे राहायला यादीत १८ ते २० नावं हवीत, कारण कुणाची सबमिशन असते, कुणी शनिवारी गावी जातो, कुणाचा घोटा मुरगळलेला असतो. कॉलेजात एवढी मुलं जमली नाहीत तर शहरातल्या क्लबबरोबर सराव करा आणि कॉलेजच्या नावाने फक्त स्पर्धेत उतरा.

प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारायला लाजू नका. प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, आणि कुणाच्या डोक्याला मार लागला तर त्याला बाहेर काढायचं कोण ठरवतं? याची उत्तरं नसतील, किंवा नव्या मुलांना पहिल्याच संध्याकाळी पूर्ण वेगात एकमेकांवर सोडत असतील, तर तिथे खेळू नका. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या संकेतस्थळावर ‘रग्बी रेडी’ आणि कन्कशनविषयीचे (मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याविषयीचे) छोटे अभ्यासक्रम मोफत आहेत. अख्ख्या टीमने ते एका रविवारी एकत्र बसून करावेत.

ब्रिटनला शिकायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे विद्यापीठांचे सामने बुधवारी दुपारी असतात, तेव्हा जमलं तर बुधवारी दुपारचे तास घेऊ नका. अमेरिकेत बहुतेक विद्यापीठांत रग्बी हा विद्यार्थ्यांनीच चालवलेला क्लब असतो: वर्गणी भरायची, प्रवासाला गाड्या काढायच्या, पदाधिकारी निवडायचे. दोन्हीकडे अगदी नवख्यांनाही आनंदाने घेतात.

अंगावर काय असावं

माउथगार्ड आधी, बूट नंतर. गरम पाण्यात मऊ करून चावायचा माउथगार्ड सुरुवातीला पुरतो. पाकिटावर लिहिलेत तेवढेच सेकंद बुडवा. जास्त बुडवला तर तो वेडावाकडा होतो आणि खेळताना तोंडातून निसटतो. तोंड उघडल्यावर जिभेने न धरता वरच्या दातांना चिकटून राहिला, तर बसला म्हणायचा. दातांना तारा असतील तर डेंटिस्टकडून बनवून घ्यावा.

फुटबॉलचे साचेबंद स्टड असलेले बूट चालतात. धातूचे स्टड असतील तर लांबी २१ मिलिमीटरपर्यंतच हवी, आणि काँक्रीटवर चालून त्यांना धार आलेली नसावी. टोकाशी एकटा स्टड असलेला बूट चालत नाही. चड्डीला खिसे नकोत. टॅकल करणाऱ्याचं बोट खिशात अडकतं आणि मोडतं. अंगठी, कडं, गळ्यातला गोफ, कानातलं, चमकी, बांगड्या सगळं काढून एकाच डब्यात ठेवायचं, आणि नखं आदल्या रात्री कापायची. डोक्यावरची मऊ टोपी कान सोलण्यापासून आणि खोकीपासून वाचवते. मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यापासून नाही. ती घातली म्हणून डोकं पुढे घालू नका.

आधी पडायला शिका

नवा खेळाडू पडताना हात टेकतो. सायकलवरून पडताना टेकतो तसाच. रग्बीत त्या हातावर तुमचं वजन आणि वरून दुसऱ्याचं वजन एकदम येतं, आणि मनगट, खांदा किंवा गळपट्टीचं हाड जातं. म्हणून पहिली सवय ही: पडताना दोन्ही हात चेंडूवरच.

सुरुवात गुडघ्यांवर बसून करा. चेंडू छातीशी, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, हनुवटी छातीकडे. आता एका कुशीवर कलंडा. जमिनीला आधी मांडी लागली पाहिजे, मग कंबर, मग पाठीची कड, मग खांदा. थेट खांद्यावर आदळलात तर तुम्ही कलंडला नाहीत, कोसळलात. डावीकडे दहा, उजवीकडे दहा. मग हेच उभं राहून, मग चालत, मग हळू धावत. पावसाळ्यातली मऊ हिरवळ, ज्युदोची मॅट किंवा तालमीतला हौदा, कुठेही चालेल. फक्त उन्हाळ्यातल्या मुरमाच्या मैदानावर नको. मुंबईत रग्बी पावसाळ्यातला खेळ मानतात तो उगाच नाही.

जमिनीला लागल्याक्षणी दुसरं काम सुरू होतं. शरीर आडवं लांब करायचं, पाठ प्रतिस्पर्ध्याकडे, आणि चेंडू दोन्ही हातांनी आपल्या टीमच्या बाजूला हात पोचेल तितका दूर ठेवायचा. नवा खेळाडू इथे चेंडू पोटाशी धरून मुटकुळं करतो. पंच दोन क्षण वाट पाहतात आणि चेंडू न सोडल्याबद्दल पेनल्टी देतात. हातभर लांब ठेवलेला चेंडू आणि पोटाशी ठेवलेला चेंडू, एवढ्याशा फरकावर कॉलेजचे कितीतरी सामने फिरतात.

टॅकल

नियम थोडक्यात: ज्याच्या हातात चेंडू आहे त्यालाच टॅकल करायचा, हातांनी वेढा घालायचा, आणि खांद्याच्या रेषेच्या वर स्पर्श नाही. इंग्लंडच्या हौशी रग्बीत २०२३ पासून ही रेषा छातीच्या हाडाच्या तळापर्यंत खाली आणली आहे. तुमच्या स्पर्धेत काहीही असो, सराव कमरेखालचाच करा. खालचा टॅकल दोघांनाही कमी धोक्याचा, आणि माणूस पडतोही लवकर.

तालमीतल्या मुलांना पट काढणं ठाऊक असतं. रग्बीचा टॅकल त्याचा जवळचा नातलग आहे. समोरचा धावत येतोय. शेवटच्या दोन मीटरवर लांब ढांगा बंद, पावलं छोटी आणि भरभर. नजर त्याच्या चड्डीच्या नाडीपाशी, कारण खांदे आणि डोळे फसवतात, कंबर फसवत नाही. ज्या खांद्याने धरणार त्याच बाजूचं पाऊल त्याच्या पावलांजवळ रोवायचं. पाऊल दूर राहिलं की माणूस हवेत झेपावतो आणि हातात फक्त टीशर्ट येतो. खांदा मांडीच्या वरच्या भागाला, पाठ सरळ, डोळे उघडे. हात मागून वेढून आपलंच मनगट आपण पकडायचं, आणि मग पाय चालवत राहायचे. माणूस पडतो तो पायांच्या जोराने.

सगळ्यात महत्त्वाचं डोकं. बाजूने टॅकल करताना डोकं त्याच्या मागच्या बाजूला, आपला गाल त्याच्या पार्श्वभागाला टेकलेला. समोरून करताना डोकं कमरेच्या बाहेरच्या बाजूला. त्याच्या पुढ्यात डोकं कधीही नाही, कारण तिथे त्याचा गुडघा येतो. ही चूक बहुधा एकाच कारणाने होते. आपण सगळे एका खांद्याचे असतो. उजवा खांदा सोपा म्हणून सरावात तोच वापरतो; सामन्यात पळणारा डावीकडून निसटायला लागतो, तेव्हाही शरीर उजवाच खांदा पुढे करतं, आणि डोकं आपोआप त्याच्या मांड्यांसमोर जातं. म्हणून सरावात ज्या खांद्याने जमत नाही त्याने दुप्पट करायचे: सोप्या बाजूने पाच, तर अवघड बाजूने दहा.

पायऱ्या गाळू नका. पहिल्या आठवड्यात दोघंही गुडघ्यांवर. दुसऱ्यात टॅकल करणारा एका गुडघ्यावर आणि समोरचा चालत. तिसऱ्यात दोघं उभे, चालण्याच्या वेगात. धावत करायचे टॅकल चौथ्या आठवड्यानंतर, तेही पाच मीटर रुंदीच्या पट्ट्यात, म्हणजे लांबून वेग घेऊन कुणी येत नाही.

कबड्डीपटू रग्बीत फार लवकर तयार होतात, पण त्यांच्या दोन सवयी आवर्जून मोडाव्या लागतात. एक, घोट्यावर झेप घेताना डोकं पायांच्या रेषेत नेणं. दुसरी, पकडलं की सोडायचंच नाही. कबड्डीत पकड टिकवणं हाच पराक्रम. रग्बीत समोरचा जमिनीवर आला की लगेच सोडायचं, बाजूला लोळायचं, आणि उभं राहिल्यावरच चेंडूला हात लावायचा. पडल्या-पडल्या धरून ठेवलंत तर पेनल्टी. सरावात शेजाऱ्याने मोठ्याने ओरडावं, “सोड, लोळ, उठ!” दोन आठवड्यांत ते आपोआप व्हायला लागतं.

पास आणि पडलेल्याची सोबत

हाताने पास मागेच द्यायचा, ही गोष्ट डोक्याला लगेच कळते, पायांना कळत नाही. घेणारा देणाऱ्याच्या रेषेत किंवा पुढे येऊन उभा राहतो आणि मग पास पुढे जातो किंवा पाठीमागे सांडतो. उपाय: घेणाऱ्याने वाटतं त्यापेक्षा दोन-तीन मीटर मागून निघायचं आणि चेंडू येतानाच वेग घ्यायचा. दोन्ही हात छातीच्या उंचीवर, तळवे देणाऱ्याकडे. देणाऱ्याने बोटं शिवणींवर पसरून चेंडू कमरेपासून आडवा झुलवायचा. सोडल्यावर बोटं तिथे रोखलेली राहिली पाहिजेत जिथे चेंडू जायला हवा, म्हणजे सोबत्याच्या छातीच्या जरा पुढे. चौघांची रांग, मध्ये पाच-पाच मीटर अंतर, जाताना उजवीकडे आणि येताना डावीकडे. रोज वीस फेऱ्या. पावसात फिरकी देऊन लांब पास टाकू नका. ओला चेंडू साबणासारखा निसटतो. तेव्हा जवळ या आणि हातातून हातात द्यावा तसा छोटा पास द्या.

आता ते काम, ज्यावरून टीम तुम्हाला ओळखते. तुमचा सोबती टॅकल होऊन पडलाय, चेंडू त्याने मागे ठेवलाय. त्याच्यावर कुणी आलं नाही तर पुढच्या क्षणी समोरचा वाकून चेंडू उचलणार. पहिल्या आलेल्याने मागच्या बाजूनेच, सोबत्याच्या शरीराच्या रुंदीतून आत यायचं. बाजूने घुसलात की पेनल्टी. डोकं आणि खांदे कमरेच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत, पाठ सपाट, एक पाऊल चेंडूच्या पलीकडे, आणि समोरच्याला बांधून पायांवर उभं राहून मागे रेटायचं. दुसरा आला की चेंडू सुरक्षित. उरलेल्यांनी तिथे गर्दी करू नये. सात जणांच्या खेळात तिघं एका जागी गुंतले की मैदानाची अर्धी रुंदी मोकळी पडते.

वेगवान मुलगा ट्राय करतो, त्याचं नाव गुणपत्रकावर येतं, ट्रायचे ५ गुण मिळतात. पण सरावाच्या संध्याकाळी खेळाडू आपसात ज्याचं नाव घेतात तो असतो पडलेल्याजवळ आधी पोचणारा. वेग कमी असेल, शरीर हलकं असेल, तरी हे काम कुणालाही जमतं: पास देऊन झाल्यावर थांबायचं नाही, चेंडूच्या मागे जात राहायचं. नव्या खेळाडूने पहिल्या मोसमात एवढं एकच साधलं तरी टीममध्ये त्याची जागा पक्की होते.

स्क्रमबद्दल, म्हणजे दोन्ही टीमचे खेळाडू वाकून, एकमेकांना बांधून चेंडूसाठी रेटतात त्याबद्दल, एकच. सात जणांच्या खेळात तीन विरुद्ध तीनचा असला तरी तो जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय करू नका. पुढच्या रांगेत खेळायला शिकलेले नसाल तर सामन्याआधी पंचांना तसं सांगा. मग न रेटता स्क्रम होतो. त्यात कमीपणा काही नाही. मानेचा प्रश्न आहे.

आठवडा

मैदानावर दोन संध्याकाळी, प्रत्येकी दीड तास, आणि एक दिवस व्यायामशाळा. दीड तासातली पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत खडे, काचा, खिळे वेचायचे. मग वीसेक मिनिटं अंग मोकळं करणं. त्यासाठी वर्ल्ड रग्बीचा ‘अ‍ॅक्टिव्हेट’ हा व्यायामक्रम उत्तम आहे, त्यात मानेचेही व्यायाम आहेत. तो आठवड्यातून तीनदा करावा. नंतर पास, मग टॅकल, आणि शेवटी वीस मिनिटं खेळ. टॅकलचा सराव शेवटी ठेवू नका. दमलेलं शरीर डोकं चुकीच्या बाजूला ठेवतं.

वीस जणांना सहा चेंडू, चार टॅकल बॅग, वीस-पंचवीस कोन, दोन रंगांची बिब्ज, एक पंप आणि सुया चार, कारण सुया मोडतात. चेंडू ५ नंबरचा, वजन ४१० ते ४६० ग्रॅम.

पावसात खरचटलं की त्याच दिवशी साबण-पाण्याने स्वच्छ धुवा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. साचलेल्या पाण्यात खेळल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, म्हणजे लेप्टोची (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका त्यांच्या मनात येईल.

डोक्याचा मार

शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही. उठताना तोल जातो, नजर हरवलेली असते, तोच प्रश्न पुन्हा विचारतो, “आपले किती झाले?” म्हणून दोनदा विचारतो, डोकं दुखतं, मळमळतं, उजेड सहन होत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत मैदानात नाही. “मी ठीक आहे” याला अर्थ नाही. ठीक आहे की नाही ते ठरवणारा अवयवच दुखावलेला असतो. मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या असतील तर हलवू नका, १०८ ला फोन करा. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटका आला, तर तडक मोठं रुग्णालय. हॉस्टेलवर त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका, गाडी चालवू देऊ नका. त्यानंतर सामना खेळायला हौशी खेळाडूने किमान २१ दिवस थांबायचं, तेही लक्षणं गेल्यावर, टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांच्या संमतीने. उपांत्य सामना असला तरी.

याला टीमचीच मदत लागते. बाहेर बसलेल्याला “एवढ्याने काय होतं” म्हणणारा एक जण असेल तर पुढचा मुलगा दुखणं लपवतो. कर्णधाराने हे पहिल्याच बैठकीत बोलावं.

टीम म्हणजे रोजची कामं

फक्की मारायला लवकर कोण येणार, चेंडू कुणाच्या खोलीवर राहणार, जर्सी कोण धुणार, पाण्याचा जार कोण सांगणार. याची आठवड्याची पाळी कागदावर लिहा आणि त्यात कर्णधाराचं नाव पहिलं घाला. सगळी कामं पहिल्या वर्षाच्या मुलांवर ढकलणाऱ्या टीममध्ये दुसऱ्या वर्षी ती मुलं राहत नाहीत. नव्या मुलांची ‘मस्करी’ म्हणून त्यांना काही करायला लावणं हे रॅगिंगच आहे. कायद्याने गुन्हा, आणि टीमसाठी विष.

पैशाला एकच खजिनदार आणि सगळ्यांना दिसणारा हिशोब. ज्याला वर्गणी जमत नाही त्याने खजिनदाराला एकट्यात सांगावं आणि ते तिथेच राहावं. थकबाकीची यादी ग्रुपवर टाकू नये. आपल्या देशातल्या पहिल्या रग्बी क्लबांपैकी एकाचा हिशोब तर आजही पाहता येतो. कलकत्त्यात १८७२ च्या नाताळात सामना झाला, त्यातून क्लब निघाला, पण खेळणारे कमी होत गेले आणि १८७८ मध्ये तो बंद पडला. बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांनी एक चषक घडवला. त्याच कलकत्ता कपासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही खेळतात. पैसे उरले होते, माणसं उरली नव्हती. म्हणून मार्चमध्ये परीक्षा आल्या की खेळ थांबला तरी टीम विखरू देऊ नका, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी जाण्याआधी कागदपत्रं, फोन नंबर, सामानाची यादी पुढच्यांच्या हवाली करावी.

मैदानात सतत बोला, आणि नाव घेऊन बोला. “इकडे दे” याचा उपयोग नाही. “ओंकार, डावीकडे, जवळ” याचा आहे. पंचांशी फक्त कर्णधार बोलतो, तोही खेळ थांबल्यावर. निर्णय चुकला असं वाटलं तरी दहा मीटर मागे जा. वाद घातलात तर पंच तुम्हाला आणखी दहा मीटर मागे नेतील.

बाराव्या क्रमांकावर असाल आणि मैदानात उतरायला मिळालं नाही, तर बाजूला उभं राहून समोरच्या टीमची बचावाची रांग पाहा. कुठल्या टोकाला माणूस कमी पडतोय ते मध्यंतरात सांगा. दमलेल्या सात जणांना ते दिसत नसतं.

सामना संपल्यावर

आधी प्रतिस्पर्ध्यांसाठी दोन रांगा करून टाळ्या, मग पंचांशी हस्तांदोलन, मग दोन्ही टीमनी एकत्र खायचं. यजमान टीमने पाहुण्यांना खाऊ घालायचं, ही या खेळाची जुनी रीत. वडापाव आणि चहा पुरतो, फक्त पाहुण्यांची संख्या आदल्या दिवशी विचारून ठेवा. मघाशी ज्याने तुम्हाला आडवं केलं त्याच्या शेजारी बसा आणि कसं केलं ते विचारा. बहुतेक जण उठून करून दाखवतात. काही ठिकाणी बियर पिण्याची प्रथा असते. नको असेल तर नको म्हणा, कुणीही आग्रह करायचा नाही.

खोलीवर आल्यावर माउथगार्ड थंड पाण्याने आणि ब्रशने धुवून भोकं असलेल्या डबीत ठेवा. बुटांचा चिखल ओला असतानाच काढा, इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली आडवे ठेवा. दोन तासांनी बोळे बदला. उन्हात किंवा इस्त्रीच्या उबेला ठेवलेल्या बुटाचा तळ सुटतो, आणि तो नेमका पुढच्या सामन्यात सुटतो.